काचेखालचा मलबार : हॉलंडमधील हरितगृहांची भूमी

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला जाणे-येणे असलेली जैन कुटुंबे आज विरळा नाहीत. त्या नगराच्या विल्राइक उपनगरातील संगमरवरी जिनालयाचे दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू ब्रुसेल्सचा किंवा पॅरिसचा रस्ता धरतात. परंतु तेथून उत्तरेकडे, नेदरलँड्सच्या हद्दीत, शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतरावर एक प्रदेश असा आहे की व्यापारी घराण्यातील माणसाने तो एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. द हेग, रॉटरडॅम आणि हुक ऑफ हॉलंड यांच्या मध्ये वसलेल्या या प्रदेशाचे नाव वेस्टलंड. डच लोक त्याला कौतुकाने 'काचेचे नगर' म्हणतात.

हे नाव अतिशयोक्त नाही. भूमी सपाट, पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली. तिच्यात आखून काढलेले कालवे, आणि कालव्यांच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तेथवर काचेची छपरे. एकट्या वेस्टलंडमध्ये दोन हजार हेक्टरांहून अधिक जमीन काचेखाली आहे, तर संपूर्ण देशात हा आकडा सुमारे दहा हजार हेक्टरांच्या घरात जातो. हिवाळ्याच्या रात्री आतल्या दिव्यांचा नारिंगी-गुलाबी उजेड ढगांवर पसरतो, आणि दूर कोठेतरी वणवा लागला असावा असा नवख्या प्रवाशाचा समज होतो.

या काचेखाली पिकतात ती मुख्यतः टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी आणि फुले. मात्र गेल्या काही वर्षांत याच देशातील संशोधन-हरितगृहांत केळीचे घड लोंबू लागले आहेत आणि व्हॅनिलाच्या वेली शेंगा धरू लागल्या आहेत. हा देश ५२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात येथे दिवस आठ तासांचाही नसतो आणि सूर्य उगवला तरी ढगांतून क्वचितच दिसतो. अशा ठिकाणी मातीचा कणही न वापरता उष्ण कटिबंधातील फळे व मसाले पिकवण्याचा खटाटोप का केला जातो, हा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर चारशे वर्षांच्या व्यापारी इतिहासात दडलेले आहे.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती मसाल्यांसाठी. मिरी, लवंग, जायफळ आणि दालचिनी या चार जिनसांवर तिचे वैभव उभे राहिले. भारताच्या किनाऱ्यावर तिच्या वखारी होत्या; आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. त्याच काळात सुरतेत वीरजी व्होरा हा जैन सावकार मिरीचा मोठा व्यापार करीत असे. बाजारात आलेली सारी मिरी एकहाती उचलून भाव आपल्या हाती ठेवण्याची त्याची ताकद होती. इंग्रज कंपनीच्या सुरतेतील अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत त्याविषयीची तक्रार पुनःपुन्हा येते, आणि तेच अधिकारी गरज पडली की त्याच्याकडूनच कर्ज घेतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वारीत त्याच्या वाड्यालाही मोठी झळ बसली.

मात्र डच कंपनीला केवळ खरेदी-विक्रीवर समाधान नव्हते. तिला माल जेथे उगवतो ती भूमीच हवी होती. जायफळ त्या काळी फक्त बांदा बेटांवर पिकत असे. १६२१ मध्ये यान पीटरझून कून याने त्या बेटांवर सैन्य उतरवले. सुमारे पंधरा हजार लोकवस्तीपैकी जेमतेम हजारभर माणसे तेथे उरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. मक्तेदारीचा हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठची सुंदर घरे निव्वळ सुंदर दिसत नाहीत.

मक्तेदारीची दुसरी बाजू ज्ञानाची होती, आणि हरितगृहाची कथा तेथूनच सुरू होते. ज्या वनस्पतींवर नफा अवलंबून आहे त्या ओळखता आल्या पाहिजेत, जगवता आल्या पाहिजेत, जमल्यास दुसरीकडे लावता आल्या पाहिजेत. लायडनचे विद्यापीठ-उद्यान १५९० मध्ये, तर ॲमस्टरडॅमचे वनस्पती-उद्यान १६३८ मध्ये स्थापन झाले. आरंभी ही उद्याने औषधी वनस्पतींची होती. पुढे कंपनीच्या जहाजांतून येणारी रोपे आणि बिया तेथे जमू लागल्या.

१६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतले. १६७० नंतर काही वर्षे तेथील कारभार हेन्ड्रिक व्हान रेडे या अधिकाऱ्याकडे होता. मलबारातील वनस्पतींची सचित्र नोंद करण्याचे प्रचंड काम त्याने हाती घेतले. त्यातून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे आहेत. हे ज्ञान व्हान रेडेचे स्वतःचे नव्हते. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी ते पुरवले. या तिघांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेले १६७५ चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे ग्रंथात आदराने नोंदवली गेली, ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट होती. व्हान रेडे १६९१ मध्ये मुंबईच्या जवळ समुद्रात जहाजावरच वारला. त्याची भव्य कबर आजही सुरतेच्या डच दफनभूमीत पाहावयास मिळते.

ग्रंथातील चित्र पाहून रोप जगत नाही. त्याला ऊब लागते. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बागांत शेगड्यांनी तापवलेली काचघरे दिसू लागली. अग्नेस ब्लॉक या रेशीमव्यापारी घराण्यातील स्त्रीने व्हेख्त नदीकाठच्या आपल्या बागेत १६८७ च्या सुमारास अननसाला फळ धरवले. युरोपात हे प्रथमच घडले, असे मानतात. पुढे हार्लेम आणि लायडन यांच्या मधल्या हार्टेकॅम्प येथे जॉर्ज क्लिफर्ड या पेढीवाल्याने आणि कंपनीच्या संचालकाने निरनिराळ्या खंडांतील वनस्पतींसाठी स्वतंत्र काचघरे बांधली. त्या बागेची व्यवस्था पाहण्यासाठी त्याने एका तरुण स्वीडिश वैद्याला ठेवून घेतले. त्याचे नाव कार्ल लिनियस. काचघरातल्या केळीला फूल येईना, तेव्हा लिनियसने काही आठवडे तिचे पाणी तोडले आणि नंतर एकदम भरपूर पाणी दिले. उन्हाळा आणि त्यामागून कोसळणारा पाऊस यांची ती नक्कल होती. १७३६ मध्ये केळी फुलली. लिनियसने लगोलग तिच्यावर पुस्तक लिहिले. वनस्पतीला तिच्या देशाचे ऋतू पुरवले तर तिला देशाची आठवण राहत नाही, हे सूत्र तेव्हा हाती आले. आजची सारी हरितगृहे त्याच सूत्रावर चालतात.

काचघर व्यापाराचे भाग्य कसे पालटू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण कॉफीचे आहे. डचांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मलबारातून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. तेथून एक झाड १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उद्यानात आले आणि काचेखाली वाढून फळले. त्याच्या वंशातील एक रोप १७१४ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट देण्यात आले. अमेरिका खंडातील अरेबिका कॉफीच्या लागवडीचा फार मोठा भाग या मोजक्या झाडांचा वंशविस्तार आहे. एका उबदार खोलीतल्या एका झाडाने दोन खंडांचा बाजार घडवला. त्या बाजारासाठी मळ्यांत राबले ते मात्र आफ्रिकेतून आणलेले गुलाम.

आजच्या वेस्टलंडमधील काचघर बाहेरून साधे दिसते, आत मात्र ते कारखान्याच्या शिस्तीने चालते. जमिनीवर पांढरे प्लास्टिक अंथरलेले असते. गुडघाभर उंचीवर लांबच लांब पन्हळी, त्यांवर ओळीने ठेवलेल्या पिशव्या किंवा लाद्या, आणि त्यांतून वर चढणारी झाडे. मातीच्या जागी दगडी लोकर वापरतात, म्हणजे बेसाल्टसारखा खडक वितळवून काढलेले तंतू. सह्याद्री ज्या दगडाचा बनला आहे, त्याच जातीचा हा दगड. त्याला पर्याय म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो, आणि तो येतो प्रामुख्याने दक्षिण भारतातून व श्रीलंकेतून. सोडण सोलून काथ्या काढल्यावर उरणारा हा भुसा एके काळी गावाबाहेर ढीग करून टाकून देत असत. आता तो धुऊन, दाबून, विटा करून जहाजाने रॉटरडॅमला जातो.

अन्न पाण्यातून दिले जाते. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची एक बारीक नळी असते. अन्नद्रव्यांच्या दोन स्वतंत्र टाक्या ठेवतात, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट ही द्रव्ये दाट स्वरूपात एकत्र आली तर गाळ बनून तळाशी बसतात. ती भरपूर पाण्यात शेवटच्या क्षणी मिसळली जातात. पाण्यातील क्षारांचे प्रमाण आणि आम्लता सतत मोजली जाते. आम्लतेचा अंक साधारण साडेपाच ते सहाच्या आसपास राखतात. छपरावर पडणारे पावसाचे पाणी तळ्यांत साठवतात, कारण नदीच्या पाण्यातील मीठ मुळांना सोसत नाही. पिशव्यांतून निथळलेले पाणीही वाया जात नाही. ते गोळा करून, अतिनील किरणांनी निर्जंतुक करून, पुन्हा टाकीत सोडतात. घरातल्या पाण्याचा आणि तुपाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला ही काटकसर ओळखीची वाटेल.

ऊब आणि उजेड यांचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. १९५९ मध्ये देशाच्या उत्तरेस ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि स्वस्त वायूच्या जोरावर हरितगृहे फोफावली. बागायतदार वायू जाळून त्याचा तिहेरी उपयोग करतात : उष्णतेने पाणी तापवून नळांतून फिरवतात, त्याच इंजिनावर वीज निर्माण करतात, आणि धुरातील कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून झाडांना पुरवतात. काही ठिकाणी रॉटरडॅमजवळील कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळाने थेट हरितगृहांत आणला जातो. परंतु वायू उपसल्याने ग्रोनिंगेनमध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि २०२३ मध्ये तेथील उपसा थांबवण्यात आला. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे वायूचे भाव इतके कडाडले की त्या हिवाळ्यात अनेक हरितगृहे अंधारी आणि रिकामी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणाऱ्या घरांना त्या वर्षी पहिल्यांदा कळले की आपण टोमॅटो विकत नव्हतो. टोमॅटोच्या रूपात स्वस्त वायू विकत होतो. आता काही बागायतदार जमिनीच्या पोटातील दोन-दोन किलोमीटर खोलीवरचे गरम पाणी वर आणून काचघर तापवतात.

व्हॅनिलाचा प्रयोग या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. रॉटरडॅमच्या उत्तरेस ब्लाइस्वाइक येथे वाखेनिंगेन विद्यापीठाचे हरितगृह-संशोधन केंद्र आहे. जी जिन्नस किलोमागे मोठे मोल देते तीच महाग उबेचा खर्च सोसू शकेल, हा विचार तेथे मांडला गेला. व्हॅनिला ही मेक्सिकोतील ऑर्किड वर्गातली वेल. तिचे फूल एकच दिवस उमलते. तिच्या मूळ देशाबाहेर परागीभवन करणारे कीटक नाहीत, म्हणून प्रत्येक फूल हाताने फळवावे लागते. गंमत अशी की ही युक्तीही प्रथम काचघरातच साधली : १८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मोरां याने ती केली. मात्र शेतात चालेल अशी सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरील एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. बांबूच्या काडीने पडदा बाजूला सारायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. जगभर आजही तीच रीत चालते. त्या शोधावर मळेवाले धनवान झाले. अल्बियस दारिद्र्यात वारला.

फूल फळल्यावर शेंग पक्व होण्यास सुमारे नऊ महिने आणि त्यानंतर ती मुरवून, वाळवून सुगंध आणण्यास आणखी काही महिने लागतात. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो तयार माल मिळतो. जगाला लागणाऱ्या व्हॅनिलाचा मोठा भाग मादागास्करमधील लहान शेतकरी पुरवतात. चक्रीवादळ आले की भाव भडकतो. २०१८ च्या सुमारास तो किलोला पाचशे डॉलरच्याही वर गेला आणि नंतर घसरला. केरळ-कर्नाटकातील शेतकऱ्यांनीही ही चव चाखली आहे. २००३ च्या आसपास चढा भाव पाहून अनेकांनी मिरी-कॉफीमध्ये व्हॅनिला लावली, आणि दोन-तीन वर्षांतच भाव असा कोसळला की वेली उपटून टाकाव्या लागल्या. मालाचा ठाम पुरवठा आणि निश्चित प्रत देऊ शकणारे हॉलंडचे काचघर खरेदीदाराला आकर्षक वाटते ते याच अस्थिरतेमुळे. तरीही डच मजुरी आणि डच उष्णता यांचे ओझे वाहणारी शेंग महागच राहते, आणि म्हणून ती सध्या निवडक ग्राहकांची जिन्नस आहे. मादागास्करच्या शेतकऱ्याला तिच्यापासून आज भय नाही. प्रयोगशाळेत बनणाऱ्या कृत्रिम व्हॅनिलिनने मात्र त्याचा बाजार केव्हाच अरुंद केला आहे.

केळीचा प्रयोग अगदी वेगळ्या हेतूने झाला, आणि महाराष्ट्राचा संबंध तेथे थेट येतो. २०१८ मध्ये वाखेनिंगेन येथे कॅव्हेंडिश जातीच्या काही डझन केळी काथ्याच्या भुशात आणि दगडी लोकरीत वाढवून त्यांचे घड उतरवण्यात आले. इक्वेडोरहून येणाऱ्या केळीशी भावात स्पर्धा करण्याचे वेड त्यामागे नव्हते. केळीच्या मर रोगाची बुरशी मातीत राहते. एकदा शिरली की ती दशकानुदशके तेथून जात नाही, आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास याच रोगाच्या एका प्रकाराने मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल ही जात व्यापारातून उठवली. तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता 'टीआर-४' नावाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच ग्रासतो आहे, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशातील बागांत पोहोचला आहे. माती वगळून केळी घेता आली, तर रोग आणि झाड यांचा अभ्यास वेगळा करता येतो आणि निरोगी लागवडीचे मार्ग शोधता येतात, हा त्या प्रयोगाचा गाभा होता.

जळगाव जिल्ह्यातील बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन या साऱ्या कॅव्हेंडिश गटातल्याच जाती आहेत. हे नावही काचघरातूनच आले. १८३० च्या दशकात इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने आपल्या धन्याच्या, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश या ड्यूकच्या, काचघरात मॉरिशसहून आणलेली केळी फळवली, आणि तिला धन्याचे नाव दिले. खानदेशात भवरलाल जैन यांनी स्थापन केलेल्या उद्योगाने ठिबक सिंचन आणि प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपे घरोघर पोहोचवली. त्यामुळे उत्पन्न वाढले आणि रोपाबरोबर येणाऱ्या रोगांना आळा बसला. परंतु निरोगी रोप रोगट मातीत लावले, तर ते रोगटच होते. बेण्यांचे कंद, ट्रकच्या चाकांना आणि मजुरांच्या पायांना लागलेला चिखल यांतून ही बुरशी गावोगाव फिरते. वाखेनिंगेनच्या काचघरात शिरण्यापूर्वी पाहुण्याला पादत्राणांवर आवरणे चढवावी लागतात आणि हात धुवावे लागतात. रावेर-यावलच्या बागेत व्यापाऱ्याची गाडी थेट बांधापर्यंत जाते. हॉलंडहून आणण्याजोगी पहिली गोष्ट काच किंवा दिवे नसून ही दाराशीची दक्षता आहे, आणि तिला खर्चही फारसा नाही.

हा प्रदेश पाहू इच्छिणाऱ्यांनी एप्रिलच्या आरंभी जावे. त्या सुमारास 'कोम इन द कास', म्हणजे 'काचघरात या', हा वार्षिक उपक्रम होतो, आणि एरवी बंद असणारी अनेक हरितगृहे कुटुंबांसाठी खुली होतात. बागायतदार स्वतः उभे राहून मुलांना सर्व समजावून सांगतात. ॲमस्टरडॅमचे उद्यान वर्षभर पाहता येते. तेथील कॉफीच्या झाडाशेजारी थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. वेस्टलंडमध्ये मुलांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना झाडांच्या बुडाशी वाकून पाहावयास सांगावे. पांढऱ्या पिशवीच्या फाटीतून तपकिरी भुसा दिसतो. तो बोटांत घेऊन चुरडला की ओल्या सोडणाचा वास येतो, केरळच्या आणि कोकणच्या वाडीत येतो तोच.